जुडीमामाची चार बोळकी

गोऱ्या शिपायाने बंदुकीची नळी माझ्या वडिलांच्या छातीला लावली आणि काहीतरी विचारले. जुडीमामाने हात जोडून उत्तर दिले, "विथ ग्रेट प्लेझर!" म्हणजे मोठ्या आनंदाने. शिपायाने काय विचारले ते मामाला कळले नव्हते. आम्हालाही नाही. पण नळी आणखी रुतली आणि आईने मामाच्या पाठीत बुक्की घातली. "दादा, तो काय विचारतोय ते तरी आधी ऐक!"

शिपायासमोर आमचा काजळीचा रांजण उघडा पडला होता. वडील शाई करायचे. दिव्यांची काजळी धरून ती रांजणात साठवायचे. खडकीकडच्या तोफा वाजून गेल्या होत्या, पेशवे पुणे सोडून गेले होते आणि टोपीकर इंग्रज घरोघर बंदुकीची दारू शोधत होते. नारायण पेठेतल्या एका साध्या घरात रांजणभर काळी पूड. मी त्या शिपायाच्या जागी असते तर मीही बंदूकच लावली असती.

जुडीमामा आईचा चुलतभाऊ. संगमावर इंग्रजांच्या वकिलाचा बंगला होता, तिथे तो पत्रांच्या नकला करायचा. अक्षर असे, की गोरे लोक पत्र वाचण्याआधी ते लांब धरून नुसते बघत. अर्थ मात्र त्याला एका ओळीचाही ठाऊक नव्हता. बायको गेलेली, म्हणून जेवायला आमच्याकडे. दिवसभर उतरवलेले इंग्रजी तो पानावर बसून मोठ्याने म्हणायचा. वडील म्हणायचे, "अहो, साहेबाला जरा थांबायला सांगा. भात गार होतोय."

पुढे त्याने अर्थ शिकायचे मनावर घेतले. बंगल्यावरच्या खानसाम्याला तो एकेक शब्द विचारायचा. पत्रांत नेहमी येई, 'इन द मीन टाइम'. खानसामा म्हणाला, इन म्हणजे आत, मीन म्हणजे हलकट, टाइम म्हणजे वेळ. 'द' कशाला असतो ते त्यालाही माहीत नव्हते. मग महिनाभर मामा पेठेत सांगत हिंडला की साहेब दर पत्रात हलकट वेळेला शिव्या घालतो. लोकांना ते पटलेही. दिवसच तसे होते.

त्याच्या डोक्यात प्रकाश पडला तो शनिवारवाड्यापुढच्या भाजीबाजारात. मेथीच्या जुडीतली एक काडी उपसून त्याने भाव विचारला. भाजीवाली म्हणाली, "कारकून, काडीला कुठं भाव असतोय? जुडी घ्या, न्हाईतर पुढं व्हा." मामा तिथूनच पळत घरी आला आणि ओरडला, "सापडलं! शब्द सुटा घ्यायचाच नाही. सगळी जुडी मिळून एकच काम करते!"

"आणि मेथी कुठाय?" आई म्हणाली.

मेथी तो विसरला होता. त्या दिवसापासून तो जुडीमामा.

नंतर त्याने वडिलांची चार रिकामी शाईची बोळकी मागून घेतली. एकावर लिहिले कुठे, दुसऱ्यावर केव्हा, तिसऱ्यावर कसे, चौथ्यावर कशासाठी. पत्रातली एकेक जुडी कागदाच्या कपट्यावर उतरवायची, ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते ते पाहायचे आणि त्या बोळक्यात टाकायची. 'इन द मीन टाइम' गेले 'केव्हा'मध्ये. दरम्यानच्या काळात, बस, एवढाच त्याचा अर्थ. हलकट कोणीच नव्हते. कपटे टाकायचे काम माझ्याकडे होते. मी नऊ वर्षांची. मामाने धुळपाटीवर गिरवून घेतलेली अक्षरे एवढेच माझे शिक्षण, पुढे काही नाही. पण कुठला कपटा कुठल्या बोळक्यात, हे मला मामापेक्षा चांगले माहीत असे. त्याचे म्हणणे, "पोरी, अडलीस तर शब्दाला विचारू नकोस. जुडीला विचार, तू कशासाठी आलीस?"

तर त्या दिवशी मामा घाबरून जी जुडी हाताला लागेल ती फेकत होता. आनंदाने झाले. मग आपल्या पत्राच्या उत्तरादाखल झाले. मग गेल्या महिन्याच्या बारा तारखेला. शिपायाने बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवले. मी फडताळाकडे धावले, 'कशासाठी'चे बोळके उचलले आणि मामाच्या पायाशी पालथे केले.

"मामा, यातलं बोल!"

तो गुडघ्यांवर बसला. कपटे चिवडले. एक उचलला आणि रांजणाकडे बोट करून किंचाळला, "इंक! फॉर द यूज ऑफ द ऑफिस!" शाई. कचेरीच्या वापरासाठी.

शिपाई थांबला. त्याचा विश्वास बसला नव्हता, पण थांबला. मामाने तयार शाईच्या दौतीत बोरू बुडवला आणि सरळ त्या शिपायाच्या छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर लिहायला घेतले. आईने डोळे मिटले. मामाने सावकाश लिहिले, "युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट." आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक. खाली वळणदार रेघ मारली, कारण रेघेशिवाय नक्कल पुरी होत नाही.

शिपायाने मान वाकवून वाचले. पुन्हा वाचले. मग बंदूक भिंतीला टेकवून तो उंबऱ्यावर बसला आणि पोट धरधरून हसला. त्याने गल्लीतल्या आणखी तिघांना हाका मारल्या. तिघांनीही आपापले पट्टे पुढे केले. एकाचा पट्टा घामाने ओला होता. मामा त्याला मराठीतच म्हणाला, "आधी वाळवून आण. शाई फुकट घालवायची नाही."

शिपायाचा तो प्रश्न मामाच्या कानात जसाच्या तसा बसला होता. दोन वर्षांनी त्याला उलगडला. 'याला गोळी घालू का?' त्या दिवशी मामा जेवला नाही. वडील म्हणाले, "अहो, जेवा. आनंदाने म्हणालात, कुरकुरत नाही, हे काय कमी आहे?"

मामा पुढे म्हातारपणी तापाने गेला. बोळकी माझ्याकडे आली. तीन फुटली. चौथ्यात सून मोहरी ठेवते. कोणी माझ्यापाशी लांबलचक बोलू लागले की मी अजून मध्येच विचारते, कुठे, केव्हा, कशासाठी? लोकांना राग येतो. येऊ दे.

त्या दिवशी घरात आम्ही चौघे होतो. वडील, आई, मी आणि जुडीमामा. चौघेही जगलो.