आईचा समुद्र आणि काकांचा भात

आईला समुद्रात पाय बुडवायचे होते. बाकी इटलीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. वर्ध्याकडच्या खेड्यात तिचं आयुष्य गेलेलं. हिवाळाभर आमच्याकडे अमेरिकेत श्रूजबरीला राहिली, तेव्हा समुद्र दाखवला तोही गाडीच्या बंद काचेतून, कारण बाहेर बर्फ. आता या सहलीहून ती थेट भारतात परतणार होती, आणि सहलीत समुद्राचा दिवस हा एकच. म्हणजे बुडवले तर पाय आजच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दर एप्रिलला चौदा तारखेची जयंती एकत्र साजरी करणाऱ्या आमच्या चार कुटुंबांनी ही सहल आखली, आणि चौघा कुटुंबप्रमुखांत वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचेच काका, ते आपोआप म्होरके झाले. त्यांचा नियम एकच: सगळे एकत्र. एक जण बाथरूममध्ये असला तरी बाकीच्यांनी थांबायचं. "आपण कुणाला मागे सोडत नसतो," असं ते छाती पुढे काढून म्हणत.

माझं डोकं सकाळीच फिरलं. काकांना दुपारी भाताशिवाय चालत नाही, म्हणून काकूंनी घरून राइस कुकर आणला होता. पिन बदलली, बटण दाबलं, आणि धूर काढून कुकर गेला. सोबत हॉटेलचा अख्खा मजला अंधारात. अमेरिकेतला एकशेदहा व्होल्टचा कुकर इथे दोनशेवीसवर! आमच्यात दोघे इलेक्ट्रिकल इंजिनियर, सगळ्यांचं बालपण दोनशेवीसवर गेलेलं, आणि एकालाही आठवू नये? हॉटेलवाल्याची समजूत काढेपर्यंत समुद्रकाठच्या गावांना जाणारी सकाळची गाडी गेली.

पुढची मिळाली. ही गाडी किनाऱ्याने जाते, असं सगळे सांगतात. किनाऱ्याने कसली, डोंगराच्या पोटातून. बोगदा, मग डोळा मिचकावण्याइतकं निळं, की पुन्हा बोगदा. आई खिडकीला नाक लावून बसली होती.

"दिसला का?" मी विचारायचो.

"गेला," ती म्हणायची.

"डॅड, इट्स जस्ट टनल्स," माझी मुलगी करवादली.

पहिल्या गावात धक्क्यापर्यंत पोचलो, तर काकांनी ग्रुप फोटो काढला. काढला म्हणजे काढायला घेतला. फोटोत सगळे हवेत, आणि कुणी ना कुणी सतत आइसक्रीमच्या रांगेत. आई पाण्यापासून चार पायऱ्यांवर पर्स सांभाळत उभी. फोटो झाला आणि गाडीची वेळही.

दुसऱ्या गावात काकांना भात सापडला. रिसोट्टो.

"कच्चा राहिलाय यार, परत पाठव," त्यांनी मला फर्मावलं. इथे तो असाच खातात, हे मी सांगून पाहिलं. प्लेट दोनदा आत गेली. दुसऱ्या वेळी आतून कुणीतरी जोरात ओरडलं.

"काका, तुम्ही जेवा. मी आईला खाली पाण्यापर्यंत नेऊन आणतो."

"अरे, थांब ना जरा. सगळे मिळूनच जाऊ, एन्जॉय करू."

टेबल उलथून टाकावं इतका संताप आला होता मला. आईनेच खालून माझा हात दाबला. मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. भात संपला तेव्हा ऊन कललं होतं.

शेवटच्या गावात तर स्टेशनसमोरच वाळू. पण उतरलो आणि कळलं, परतीची गाडी लगेच आहे. काकांनी सगळ्यांना फलाटावरच अडवलं. "इथूनही मस्तच दिसतो की समुद्र," म्हणाले आणि माणसं मोजू लागले. एक कमी भरलं. पुन्हा मोजली. आई नव्हती.

मी जिना उतरून धावत सुटलो. आई घोटाभर पाण्यात उभी होती. चपला वाळूत नीट जोडीने ठेवलेल्या, लुगडं वर धरलेलं.

"आई, गाडी आली! सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत!" मी ओरडलो. दिवसभराचा राग नेमका तिच्यावर निघाला.

वर गाडी सुटली. एकही जण चढला नव्हता. सगळे कठड्याला टेकून खाली बघत होते, काकासुद्धा.

आईने वळूनही पाहिलं नाही. वाकून एक बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"दिवसभर मी सगळ्यायची वाट पाह्यली," ती म्हणाली. "आता त्यायले सांग, जराशी माही पाहा म्हणा."