चिंचेखाली उभ्या राहिलेल्या कुसुमताई

कुसुमताई रामटेके यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती एका भांडणात. भांडण माझ्याशी नव्हते. मी आमच्या उद्यानमंडळाचा नवा चिटणीस होतो आणि कोपऱ्यात बसून सभेचे कामकाज लिहून घेत होतो. साठचे दशक संपत आले होते. मंडळाच्या सभा नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या अध्यक्षांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात भरत. सभासद बहुतेक निवृत्त अधिकारी, वकील, डॉक्टर. व्याख्यानांचे विषयही ठरून गेलेले असत: गुलाबाची छाटणी, कुंडीतली शेवंती, हिवाळ्यातला डेलिया. सभासदाला स्वतःची बाग असलीच पाहिजे, असा नियम होता. मी रेल्वेच्या कचेरीतला कारकून. वडिलांनी परसात केलेल्या चार वाफ्यांच्या जोरावर मला आत घेतले होते.

त्या संध्याकाळी पांढऱ्या सुती पातळातल्या एक बाई पायऱ्या चढून आल्या आणि म्हणाल्या, "मला सभासद व्हायचं आहे." मुलींच्या माध्यमिक शाळेत त्या शास्त्र शिकवत होत्या. मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब हे निवृत्त इंजिनियर, नियमाला पक्के. त्यांनी विचारले, "आपली बाग कुठे आहे?"

"बाग नाही. दोन खोल्या आहेत."

"मग बाई, नियमाप्रमाणे..."

"शाळेत जाताना मी रोज चिंचांच्या ओळीखालून जाते. येताना कडुनिंबाखालून येते. या शहरात माणसं जगतात ती त्या झाडांच्या आधारानं. त्यांच्याबद्दल इथे कोणी बोलणार आहे का? नसेल तर मी बोलते."

तेवढ्यात एक सभासद हसून म्हणाले, "तुमच्याकडच्या लोकांनाही झाडांचा शौक असतो म्हणजे! नवल आहे."

'तुमच्याकडच्या' या शब्दाचा अर्थ न कळण्याइतके तिथे कोणीच भोळे नव्हते. ताईंचे वडील कापडगिरणीत कामाला होते, आणि छप्पन साली याच शहरात त्यांच्या कुटुंबाने बुद्धाचा धम्म स्वीकारला होता. ताईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडच्या लोकांना सावलीचा शौक आहे. उन्हात काम करणाऱ्याला तो असतोच."

हा प्रसंग लिहू नये, ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात कडवट काही असू नये, असे मला एका स्नेह्यांनी सुचवले. मी तो मुद्दाम लिहितो आहे. ताईंचा गौरव करायचा आणि त्यांना काय काय ऐकावे लागले ते झाकायचे, हे मला जमणार नाही.

त्या दिवशी तोडगा काढला दादासाहेबांच्या पत्नी मालतीबाई यांनी. चहाचे कप भरता भरता त्या सहज म्हणाल्या, "नियम आपणच केला आहे ना? मग आपल्यालाच बदलता येईल." यजमानीणबाईंचा शब्द कोणी मोडला नाही. कुसुमताई सभासद झाल्या.

त्यांचे पहिले व्याख्यान महारूखावर झाले. नागपुरात जागोजागी वाढणारे हे उंच झाड. सुताराला त्याचे फार कौतुक नाही आणि बागवाल्याला तर ते नकोच. ताई तळमळीने बोलत होत्या, आणि सभासद एकेक करून चहाकडे सरकत होते. शेवटी समोर मी, मालतीबाई आणि रिकाम्या खुर्च्या उरलो. ताईंनी व्याख्यान पूर्ण केले, एक शब्दही न गाळता. मग म्हणाल्या, "चूक माझीच. झाड दाखवल्याशिवाय झाडाबद्दल काय बोलायचं? पुढचं व्याख्यान झाडाखाली."

दादासाहेबांना हे पटेना. "मंडळाच्या नावाने भर रस्त्यात व्याख्यान? मदाऱ्यासारखं?"

"मदाऱ्याभोवती माणसं तरी जमतात," ताई म्हणाल्या.

आणि माणसे जमली. रविवारी सकाळी ताई एखाद्या झाडाखाली उभ्या राहत. सुरुवातीला आम्ही चौघे-पाच जण असू. मग सायकलवरून जाणारा एक पाय टेकून थांबे, रिक्षावाले रिक्षा वळवून तिच्यातच बसून ऐकत, दूध घेऊन निघालेल्या बाया घटकाभर रेंगाळत. ताई शाळेत बोलत तशाच तिथेही बोलत. अवघड शब्द आला तर त्याची फोड करत, पण श्रोते साधे म्हणून विषय पातळ करत नसत. करंजाच्या शेंगेत काय असते, शिरीषाची वाळकी शेंग वाऱ्यात का वाजते, पानगळीत उघडा पडलेला पळस मेलेला का नसतो, हे सारे मी रस्त्यावर उभा राहून शिकलो. प्रश्न विचारणाऱ्याला त्या कधी हसल्या नाहीत. उत्तर ठाऊक नसले तर सरळ सांगत, "मला माहीत नाही. पुढच्या रविवारी सांगते," आणि पुढच्या रविवारी सांगत.

अशी काही वर्षे गेली. मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर बातमी आली की उत्तर नागपुरातला, ताईंच्या वस्तीवरून जाणारा रस्ता रुंद होणार, आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या जुन्या चिंचा जाणार. ताई माझ्या घरी आल्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "पुढच्या व्याख्यानाचा विषय लिहून घ्या. चिंच. जागा, त्याच रस्त्यावर. वेळ, ज्या सकाळी कुऱ्हाड येईल ती."

मी चिटणीस या नात्याने सूचना काढली. दादासाहेबांनी मला बोलावून घेतले. ते म्हणाले, "आपण फुलं लावणारी माणसं. सरकारी कामात आडवं जाणं आपलं काम नव्हे. सूचना मागे घ्या." मी म्हणालो, "व्याख्यान जाहीर झालं आहे." ताईंच्या सहवासात राहून एवढे धैर्य माझ्यातही आले होते.

ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. मे महिना. उजाडताच वस्तीतल्या बायांनी चिंचेखाली सतरंज्या अंथरल्या. दोर, करवती आणि कुऱ्हाडी घेऊन तोडणारे आले. त्यांचा मुकादम गोविंदा, आडव्या बांध्याचा, डोक्याला टॉवेल बांधलेला. ताईंनी त्याला नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली. चिंचेची पाने सांज होताच कशी मिटतात, बारीक पानांतून ऊन कसे गाळून येते, हे लाकूड इतके घट्ट का, आणि एवढा बुंधा व्हायला माणसांच्या किती पिढ्या जाव्या लागतात. ऊन चढू लागले. ताई बोलतच होत्या.

"बाई, आता आटपा न," गोविंदा म्हणाला. "मले काम करा लागते. साहेब मलेच बोलून राहिले."

"होऊन राहिलं गा," ताई म्हणाल्या. "प्रश्नोत्तरं बाकी हायेत. तोवर तुहे माणसं सावलीत बसव."

माणसे बसलीसुद्धा. उन्हात उभे राहणार तरी किती वेळ? कुऱ्हाडी बाजूला ठेवून तीही ऐकू लागली. जीपमधून आलेले तरुण इंजिनियर तेवढे रस्त्याच्या मधोमध उभे होते. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ताईंनी भाषण थांबवून त्यांना हाक मारली, "साहेब, इकडे या. सावली सगळ्यांची आहे." ते आले नाहीत.

मग मंजुळाबाई उठल्या. त्याच झाडाखाली टोपली मांडून त्या वर्षानुवर्षे फुटाणे विकत. त्यांनी विचारले, "हे झाड पडलं का मी टोपली घेऊन कुठी बसू वं बाई, थे सांग."

"मले नाही सांगता येत, मावशी. ज्याईले सांगता येते थे जीपपाशी उभे हायेत. त्याईले विचारा."

मंजुळाबाई खरेच रस्ता ओलांडून गेल्या आणि तोच प्रश्न त्यांनी साहेबांना विचारला. साहेब जरा गडबडले. म्हणाले, "रस्ता रुंद होणं गरजेचं आहे. आणि आम्ही नंतर नवीन रोपं लावणारच आहोत."

"लावा ना," ताई इकडून म्हणाल्या. "आधी लावा. ती एवढी होऊ द्या. मग हे झाड कापायला आम्हीच तुम्हाला बोलवू."

लोक हसले नाहीत. टाळ्याही पडल्या नाहीत. सतरंजीवरच्या बाया फक्त जरा सरकून बुंध्याच्या आणखी जवळ बसल्या. उन्हे उतरू लागली तेव्हा जीप परत गेली.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती खरी होणार नाही. आठवड्याभरात तोडणारे पुन्हा आले, या वेळी पोलिसांसह. आम्हाला बाजूला करण्यात आले आणि पूर्वेकडची पूर्ण ओळ पडली. पहिल्या झाडाला कुऱ्हाड लागली तेव्हा मी तोंड फिरवले. ताई म्हणाल्या, "फिरवू नका. बघा. उद्या कोणी म्हणेल, इथे कधी झाडं नव्हतीच. तेव्हा सांगायला आपण हवे आहोत." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्यांनी नजर हलवली नाही.

पश्चिमेकडची ओळ मात्र राहिली. चिंचेखालच्या त्या सकाळची चर्चा गावभर झाली होती. रस्त्याकडेच्या नालीची आखणी बदलली गेली, रस्ता थोडा वळवला गेला. दोन ओळींतली एकच वाचली, याला कोणी हार म्हणते, कोणी जीत. ताई दोन्ही म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "पुढच्या वेळी दोन्ही वाचवू."

त्या व्याख्यानाची किंमत त्यांना मोजावी लागली. शाळेच्या चालकांनी बोलावून सांगितले, माफी मागा, प्रकरण मिटेल. ताईंनी विचारले, "माफी कशाची? शास्त्राच्या शिक्षिकेने शास्त्र शिकवलं याची?" त्यांची बदली संस्थेच्या पारशिवनीच्या शाळेत झाली. शहराची झाडे सांभाळणाऱ्या बाईंना शहराबाहेर काढले की त्या गप्प होतील, असा हिशेब असावा. ताईंनी पारशिवनीत खोली घेतली, तिथल्या मुलींना मोहाखाली बसवून शिकवले आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीने नागपूर गाठले. कन्हानचा पूल ओलांडताना झोप लागे, असे त्या हसत सांगत. एसटी बंद पडलेली असताना ट्रकवाल्याच्या शेजारी बसून त्या आल्याचे मला आठवते. रविवारचे व्याख्यान त्यांनी चुकवले नाही. सेवानिवृत्त झाल्या त्या पारशिवनीतूनच.

या काळात मंडळ फुटले. दादासाहेब आपल्या गुलाबांकडे राहिले. ते सज्जन होते, पण चिंचेखाली कधी आले नाहीत. मालतीबाई आल्या. एका रविवारी त्या बंगल्यातून एकट्या, काखेत स्वतःची चटई घेऊन आल्या आणि मंजुळाबाईंच्या शेजारी बसल्या. त्यानंतर त्या येतच राहिल्या. घरी याबद्दल काय बोलणे होई ते त्यांनी कधी सांगितले नाही, आम्ही विचारलेही नाही.

ताईंचा कणखरपणा पुष्कळांनी पाहिला आहे. त्यांची माया मी पाहिली आहे, तिच्याबद्दल लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. झाडे पडल्यानंतरच्या पावसाळ्यात मुकादम गोविंदा एका निसरड्या फांदीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. ताईंना हे कळले तसे त्या मला बरोबर घेऊन त्याच्या झोपडीत गेल्या. भाकरी आणि वरणाचा डबा त्यांनी घरून आणला होता. गोविंदा खाटेवर उठून बसू लागला. म्हणाला, "बाई, मी त तुमचे झाडं पाडले. तुमी काहून आल्या?"

"तू नाही पाडले गा," ताई म्हणाल्या. "तुह्या हातानं पाडून घेतले. पडून राहा."

पाय बरा होईपर्यंत त्या दर रविवारी व्याख्यान आटोपून तिकडे जात. त्याची मुलगी शाळा सोडून घरी बसली होती. तिला ताईंनी पुन्हा शाळेत घातले आणि स्वतः पारशिवनीत असल्यामुळे तिच्या अभ्यासाची जबाबदारी माझ्या पत्नीवर टाकली. आमची परवानगी त्यांनी घेतली नव्हती. ताई माणसांना परवानगी विचारत नाहीत. माणूस चांगलेच वागेल असे गृहीत धरतात, आणि मग तसे वागण्यावाचून आपल्याला गत्यंतर उरत नाही. ती मुलगी मॅट्रिक झाली त्या दिवशी गोविंदा पेढे घेऊन आधी आमच्याकडे आला, आणि दुसऱ्या दिवशी पारशिवनीला गेला.

आज कुसुमताई साठ वर्षांच्या होत आहेत. सत्काराची कल्पना मांडायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आमचे बोलणे निम्म्यात तोडले आणि विचारले, "वस्तीमागच्या मैदानावर दुकानांची इमारत उठणार आहे, हे तुम्हाला कळलं का? तिथे कडुनिंब आहेत, एक मोठा पिंपळ आहे, संध्याकाळी मुलं खेळतात." आम्हाला कळले नव्हते. त्यांना कळले होते, आणि पुढच्या चार रविवारांचे विषयही ठरले होते. सत्काराला त्यांनी होकार दिला तो एका अटीवर: सभा त्याच मैदानात झाली पाहिजे. गुडघे दुखतात, म्हणून आता त्या स्टुलावर बसून बोलतात. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

गेल्या महिन्यात एक अधिकारी मला म्हणाले, "बाईंचं आता वय झालं. अजून किती दिवस बोलतील?" त्या प्रश्नात काळजी नव्हती, वाट पाहणे होते. त्यांना मी तिथे उत्तर दिले नाही. ते इथे, सर्वांसमक्ष देतो. कुसुमताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे बरे होवोत, डोळे तीक्ष्ण राहोत, आवाजात तीच धार राहो. त्या थकतील म्हणून जे कोणी वाट पाहत बसले असतील, त्यांना आणखी पुष्कळ वर्षे तसेच बसून राहावे लागो.