आई बाटली उलटी धरून बघते

ताईची राख सावडायच्या दिवशी मी मेडिकलवर दुधाची बाटली निवडत उभी होते.

आप्पा आणि दाजी तापीवर गेले होते. घरात ताईचं बाळ रडत होतं. महिन्याचंही झालं नव्हतं.

आई म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तूच बघून आण."

शनवारा वेशीजवळच्या त्या दुकानात काचेच्या कपाटात बाटल्याच बाटल्या. रुंद तोंडाच्या, वाकड्या मानेच्या, वॉल्ववाल्या. प्रत्येक बॉक्सवर हसणारं बाळ.

दुकानदारानं विचारलं, "दीदी, मां का दूध नहीं आ रहा क्या?"

मी म्हटलं, "नहीं भैया. नहीं आ रहा."

काचेवर बोट ठेवून मी एक बाटली दाखवली.

आज ताईचा वाढदिवस.

सकाळी मोबाईलनं मागच्या वर्षीचा फोटो समोर आणला. ताईच्या गालाला केक लागलाय आणि ती मला मारायला धावतेय. तिला दिवस गेलेत हे तेव्हा घरात फक्त मला माहीत होतं.

बाळंतपणाला ती माहेरी आली. बाळ झालं, मग ताप आला. तो उतरलाच नाही.

बाळ आमच्याकडे राहिलं.

डब्याचं दूध त्याला सोसेना. प्यायला की पोट टम्म. पाय पोटाशी घ्यायचा, कमानीसारखा मागे वाकायचा, लालबुंद व्हायचा. मग प्यायलेलं सगळं नाकातोंडातून बाहेर.

डॉक्टर म्हणाले, गॅस आहे, रिफ्लक्स आहे, दूध पोटातून वर येतं. उभं धरून पाजा, ढेकर काढा, स्लो फ्लोचं, दूध हळू येणारं निपल वापरा. पण वजन वाढलं नाही, तर अ‍ॅडमिट करावं लागेल.

अ‍ॅडमिट म्हटलं की आई पदर तोंडाला लावायची. ताईलाही अ‍ॅडमिटच केलं होतं.

मी शाळेत शिकवायला जाते. मधल्या सुट्टीत डबा समोर ठेवून मी बाटल्यांचे रिव्ह्यू वाचायचे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. नीट वाचलं, समजून घेतलं, की प्रत्येक गोष्टीचं उत्तर सापडतं, असं मला मनापासून वाटायचं.

पहिली बाटली बदलली. दुसरीही बदलली. मग एक ऑनलाइन मागवली, आत नळी असलेली. हवा त्या नळीतून जाते, बाळाच्या पोटात जात नाही, असं बॉक्सवर लिहिलं होतं.

आप्पांनी ती खोलून पार्ट ताटात मांडले. "आमच्या केळीच्या विहिरीवरच्या मोटारीला एवढं सामान नाही, पोरी."

ताई गेल्यानंतर त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "आमची पोरं काय बाटल्या बदलून वाढली? शिकलेल्यांचे चोचले."

आई म्हणाली, "तुमच्या पोरांना माय होती, बाई."

काकूंनी चपला काढल्या. मग आत येऊन बाळाला मांडीवर घेऊन बसल्या.

त्या बाटलीनंही काही झालं नाही. घटाघटा प्यायचा, बघता बघता बाटली रिकामी. आई म्हणायची, "बघ, कसा पितोय माझा राजा." आणि तिचं वाक्य संपायच्या आत तिचा खांदा भिजलेला.

मग वजनाचा दिवस आला. वजन वाढायच्या ऐवजी कमी झालं होतं.

डॉक्टरांनी बाटली मागितली. पाणी भरून उलटी धरली.

धार लागली.

"थेंब पडायला पाहिजे, थेंब. एवढं एकदम पोटात गेलं की उलटणारच. हे भोक कोणी मोठं केलंय?"

मी म्हटलं, "सर, नवीन आहे. आठवडाही झाला नाही."

आई खाली बघत होती.

रिक्षात बसल्यावर तिनं सांगितलं. मी शाळेत गेले की ती ताईच्या शिवणाच्या डब्यातली सुई गॅसवर तापवायची आणि निपलचं भोक मोठं करायची. प्रत्येक बाटलीचं. मी नवीन आणली की पुन्हा.

"चोखून चोखून दमत होता गं तो. दूध येईना म्हणून माझ्या तोंडाकडे बघायचा. मला वाटलं, उपाशी राहील."



मग ती म्हणाली, "तुझी ताई शेवटी काही खात नव्हती. चमचा तोंडाशी नेला तरी नाही. याचं तरी पोट भरावं, एवढंच होतं माझ्या मनात."

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि गाणं बंद केलं.

मी मोबाईलमध्ये इतकं वाचलं होतं. यावर काय बोलायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नवीन निपल आणलं. सुईला कोणी हात लावला नाही. उलट्या लगेच थांबल्या नाहीत, अजूनही कधीकधी होतात. पण अ‍ॅडमिट करावं लागलं नाही. वजन हळूहळू वाढतंय. परवा तो माझ्याकडे बघून हसला. ताईसारखाच, एका बाजूनं.

फक्त आई आता त्याला पाजत नाही.

दूध ती बनवते. बाटली उकळते. मग भरून उलटी धरते आणि बघत राहते.

थेंब.

थेंब.

थेंब.

मग बाटली माझ्या हातात देते. "तूच पाज."

मी खूप समजावलं. आई, तुझी चूक नाही. आई, तुझ्या मांडीवर तो लवकर शांत होतो. डॉक्टरांकडूनही सांगून बघितलं. ती मान हलवते आणि बाळाचे कपडे धुवायला उठते.

आज ताईच्या फोटोपुढे त्याला नेलं. आईनं फोटोला हार घातला आणि बाजूला झाली.

तिला सांग ना, ताई. माझं ती ऐकत नाही.

वाढदिवसाला तुला नमस्कार, आम्हा सगळ्यांचा.

त्याचे हात मी जोडून दिलेत.