पेटीला बाहेरून बसवलेली सॉकेटं

आमच्या जोहे गावात महिपती वायरीचं टोक दातानं सोलायचा. कितीदा सांगितलं, बाबा, दात पडतील, पक्कड वापर. तर म्हणायचा, "तात्या, पक्कड तांबं तोडते, दाताला कळतं कुठं थांबायचं." सोललेली टोकं सॉकेटात घालायची आणि वर आगपेटीची काडी ठोकायची, की झालं कनेक्शन. गावात हळद असली की लोक आधी महिपतीच्या खिशात आगपेटी आहे का बघायचे. विडी तर तो ओढत नव्हता.

एक गंमत सांगतो. गागोदे गावी कुणाच्या पूजेला महिपती आणि त्याच्या भावाचा साऊंड होता, म्हणजे कर्णे, माईक, गाणी. भर आरतीत गाणं बंद. महिपती वायर धरून माग काढत गेला, तर गोठ्यामागं बोकड वायर चघळतोय. महिपतीनं त्याच्या तोंडातनं वायर काढली, तिथंच जोडली आणि मालकाला म्हणाला, "याला आरती नको, लावणी पायजे." पूजेतली माणसं हसून हसून लोळली. असा माणूस. त्याला रडवेल असं काही होईल, हे तेव्हा सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

साऊंड दोघा भावांचा होता. महिपती थोरला, हरेश धाकटा. बाप मिठागरावरच वारला, बांध घालता घालता छातीत कळ आली. तेव्हा हरेश चड्डीत होता. महिपतीनंच त्याला वाढवला. पुढं महिपती धाटावच्या एका कंपनीत वायरमनचा हेल्पर म्हणून लागला. शिफ्टमधून सुट्टी मिळाली की जोडीनं साऊंड लावायचे. हरेश कॅसेट लावणार, माईकवर बोलणार, पोरांना नाचवणार. महिपती मागं, वायरींच्या गुंत्यात.

मग लग्नं झाली आणि चुली वेगळ्या झाल्या. बायकांचं पटेना, दुसरं काय. भांडी वाटली, शेत वाटलं, आणि साऊंडवर येऊन गाडं अडलं. त्यांची आई धोंडुबाई, मोठी बेरकी बाई. ती म्हणाली, "पेटी हरेशकडं ऱ्हाईल, वायरी महिपतीकडं. दोघं एका जागी आल्याबिगर गाणं वाजणार नाय." पंचांनी माना डोलावल्या. म्हातारी पुढच्या वर्षी गेली, पण वाटणी चालली. ऑर्डर आली की हरेश थोरल्याच्या ओट्यावर येणार, चहा पिणार, वहिनीच्या हातची भाकरी खाणार, मग दोघं पेटी उचलणार. महिपती त्या दिवसांवर जगायचा. लग्नसराईच्या तारखा बघून तो कंपनीत शिफ्टची अदलाबदल करून घ्यायचा.

पंच्याण्णव सालची गोष्ट असेल. हरेशला ऑर्डरी वाढल्या. एका दिवसात दोन दोन हळदी, एक पेणला, एक हमरापूरला. आणि पेटी कशी, तर प्लायची ट्रंक, आत आवाज वाढवायचं मशीन, कॅसेटचा डेक, मिक्सर. दर वेळी झाकण उघडा, मशीन बाहेर ओढा, मागं हात घालून वायरी जोडा. एवढ्यात हळद वाळायची. हरेश ओट्यावर बसून म्हणाला, "दादा, पेटीला बाहेरून सॉकेट बसव ना. करंटचं, माईकचं, कर्ण्यांचं. आतलं जोडलेलंच ऱ्हाईल. बाहेरून खोचलं की चालू."

महिपतीची बायको सगुणा तवा उतरवत होती. ती म्हणाली, "आणि मग यांचं काम काय ऱ्हाईल?"

"वहिनी, दादाला आराम नको काय?"

"आराम मेल्यावर मिळतो."

महिपती हसला. "करू या रे. पेटी इथंच ठेव."

त्याला दिसलं ते एवढंच, की पेटी आपल्या ओट्यावर राहणार आणि ती बघायला हरेश रोज येणार. आणि हरेश रोज आलाही. एवढं मन लावून काम केलेला महिपती मी कधी बघितला नव्हता. पेटीच्या कुशीला चौकोनी भोक पाडलं. सॉकेटं बाहेर आलेली नकोत, टेंपोत ढकलताना मोडतील, म्हणून त्यानं आत खोल बसणारा कप्पा केला. त्यासाठी घरातली जर्मनची परात कापली. सगुणा ओरडली, "आता पीठ काय तुमच्या डोक्यावर मळू?" हरेशनं पेणच्या बाजारातून नवी परात आणून दिली तेव्हा ती गप्प झाली.

आमच्याकडचा खारा वारा पितळेला हिरवा करतो, म्हणून कप्प्याला वरून झडप केली. करंटचा प्लग वेगळ्या आकाराचा, माईकचा वेगळा, कर्ण्यांचा वेगळा, म्हणजे एकाचं दुसऱ्यात जाणारच नाही. मागं एकानं कर्ण्याची वायर सरळ लाईटीच्या बोर्डात घातली होती, कर्ण्यातनं धूर निघाला होता. शिवाय गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातून रंग आणला. करंटला लाल, माईकला निळा, कर्ण्यांना पिवळा. वायरीच्या टोकालाही तेच रंग. हरेश कंदील धरायचा, महिपती वायरींना कथलाचा डाग द्यायचा, आणि मध्येच दोघं लहानपणीचं काहीतरी आठवून खिदळायचे. मी समोर बसून पान लावत असे.

"बघ," महिपती शेवटी म्हणाला, "आता चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाय."

हरेशनं एकट्यानं प्लग खोचले. सुपारी कातरून होण्याआधी गाणं सुरू. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो पेटी घेऊन गेला, आणि सोबत नव्या रंगीत टोकांच्या वायरीही गेल्या. त्या कुणाकडं ठेवायच्या हे त्या आनंदात कुणी विचारलंच नाही.

सराई सुरू झाली. महिपतीनं नेहमीसारख्या शिफ्ट बदलून घेतल्या होत्या. टेंपो त्याच्या दारावरून जायचा, हॉर्न द्यायचा, पुढं जायचा. मी विचारलं, "हरेश येऊन गेला का रे?"

"येल. सीझन हाय."

सीझन संपला. दुसरा आला. सगुणा एकदा बोलली, "मी म्हटलं व्हतं." महिपती जेवता जेवता उठून गेला, तेव्हापासून तिनं तो विषय काढला नाही.

मग महिपतीच्या पोरीचं, मृणालीचं लग्न ठरलं. महिपती आमंत्रणाची पहिली सुपारी घेऊन हरेशकडं गेला. मी बरोबर होतो. "साऊंड कुणाचाबी चालंल," तो म्हणाला, "पण पोरीच्या हळदीला तू ये. तुझ्या हातानं लाव. मी मागं बसतो."

हरेशचे डोळे भरले, खोटं सांगत नाही. "दादा, आपल्या मृणालीच्या हळदीला मी नाय तर कोण?"

हळदीच्या दिवशी दुपारी महिपती नवा सदरा घालून दारात उभा. खिशात पक्कड, टेस्टर. सगुणा म्हणाली, "तुम्ही नवरीचे बाप हाय का वायरमन?" तो म्हणाला, "दोन्ही."

टेंपो आला. ड्रायव्हर गोरख, पलीकडच्या वाडीचा, एकटाच उतरला आणि मागनं पेटी ओढली.

"हरेश कुठंय?"

"शेट रोह्याला गेलेत काका. तिकडं मोठ्या पार्टीची हळद हाय. दुसरी पेटी नेली."

"दुसरी?"

"सेम अशीच बनवून घेतली. शेट बोलले, जमलं तर येतो."

महिपती पुढं झाला. "थांब, मी जोडतो."

"तुम्ही कशाला? नवरीचे बाप तुम्ही, बसा." गोरखनं झडप उघडली, लालात लाल, पिवळ्यात पिवळं. चहा गाळेपर्यंत मांडवात गाणं. कौतुकानं पेटीवर थाप मारून म्हणाला, "मला वायरीतलं ओ की ठो कळत नाय. पण ज्यानं ही बनवली ना काका, त्याला मानलं पायजे. आता कुणाची गरजच लागत नाय."

सगुणानं तोंड उघडलं. महिपतीनं तिच्याकडं बघितलं, तशी ती पाण्याचा हंडा उचलून आत गेली. तो खांबाला टेकून बसला. बायका हळद घेऊन आल्या, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गायला लागली, हळद लावायला नवरीच्या काकाला पुढं बोलवा म्हणाली. महिपतीनं रस्त्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "चालू करा." त्यानं पोरीच्या गालाला हळद लावली तेव्हा मृणालीनं त्याचा हात धरून ठेवला.

हरेश दुसऱ्या दिवशी आला, लग्न लागल्यावर. डोळे तारवटलेले, हातात भारी आहेर. आमच्यात घरचा माणूस पंगतीत बसत नाही, वाढतो. हरेशनं चप्पल काढली, बाह्या सरसावल्या आणि भाताची बादली उचलली.

महिपतीनं बादली त्याच्या हातातून हळूच काढून घेतली. आवाज चढवला नाही.

"तू बस," म्हणाला. "लांबून आलायस."

आणि वऱ्हाडी मंडळींच्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी, त्याला पान मांडून दिलं. भात वाढला, वर वरण वाढलं, आग्रह केला. हरेश मान खाली घालून बसला होता. त्याच्यानं घास उचलेना.