बावीस पोरं, बावीस घड्याळं

मास्तरकीत खडूचे तुकडे आणि किस्से आपोआप साठतात. खडू झाडून टाकता येतात. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या शाळेतले घड्याळांचे किस्से मात्र अजून डोक्यातून जायला तयार नाहीत!

सुरुवात माझ्याच चुकीनं झाली. कचारगडच्या सहलीला चौथीची बावीस पोरं नेली होती. परतताना मी गाडीत डोकी मोजली. बावीस. गाडी निघाली. अर्ध्या वाटेत एका पोरानं माझा शर्ट ओढला.

"सर, आपलं गाव अजून काऊन येऊन नाही राहिलं?"

"कोणतं गाव रे तुझं?"

त्यानं भलतंच नाव सांगितलं! तिथं आलेली दुसरी शाळाही जिल्हा परिषदेचीच, सगळ्यांचा गणवेश सारखा. आमची सोनू त्यांच्या गाडीत आणि त्यांचा हा पठ्ठ्या आमच्या गाडीत. त्यांच्या मास्तरांनीही मोजलं होतं आणि त्यांचाही आकडा बरोबर आला होता!

तासाभरात अदलाबदल झाली. सगळे हसले. मला मात्र त्या तासाची आजही लाज वाटते.

* * *

पुढच्या वर्षी त्याच बावीस पोरांची, आता पाचवीतल्या, पुन्हा कचारगडचीच सहल ठरली. सोनूला यायचंच होतं, रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. तिची आई शाळेत आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, पोरगी पाठवतो. पण मले ते दिसत राहिली पायजे."

आता काय बोलणार? हेडसर मला घेऊन गोंदियाला गेले. मुलांच्या मनगटावर बांधायची जीपीएस घड्याळं तेव्हा नुकतीच आली होती. दुकानदार फॉर्मात होता.

"सर, बच्चा चाँद पे भी गया तो दिखेगा!"

हेडसर म्हणाले, "चंद्रावर कोण चाललं बाबा? कचारगडात दिसते का तेवढं सांग."

"वहाँ... नीचे दिखेगा, ऊपर गुफा में थोडा दिक्कत है."

हेडसर खूश झाले. म्हणाले, "खरं बोलणारा माणूस आहे, याच्याचकडून घेऊ!" आणि आठवडाभराच्या ट्रायलवर बावीस घड्याळं घेऊन आले.

* * *

पहिली ट्रायल आमच्या शिपायावर, देवाजीवर. पोस्टात पाठवलं की देवाजी दोन तास गायब, म्हणून हेडसरांनी त्याच्याच मनगटावर घड्याळ बांधलं आणि मोबाईल उघडून बसले. ठिपका शाळेतून हललाच नाही.

"सुधारला!" हेडसर म्हणाले.

दुपारी ते जेवायला घरी गेले. पोचून मोबाईल पाहतात तर देवाजीचा ठिपका त्यांच्याच घरात! हेडसरांनी माळा पाहिला, न्हाणी पाहिली, धानाच्या कोठीतही डोकावले. शेवटी घड्याळ सापडलं. त्यांच्याच स्कूटरच्या डिक्कीत.

देवाजी शांतपणे म्हणाला, "हरवू नये म्हणून ठेवलं जी."

* * *

मग ते लाल बटण. संकटात दाबलं की हेडसरांना फोन. पोरांना दहा वेळा बजावलं, "खरं संकट असंल तरच!"

पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत फोन वाजला. हेडसर चप्पल न घालताच पळत सुटले.

"काय झालं रे?"

"सर, वरणात मीठ नाही!"

* * *

शाळेची हद्द ओलांडली की अलार्म, अशीही सोय होती. ती हेडसरांनी मोठ्या हौसेनं लावली. पाच वाजता शाळा सुटली आणि मोबाईल बोंबलायला लागला. बावीसही पोरं एकदम पळाली म्हणे!

* * *

आणि सहलीचा दिवस उजाडला. सोनूच्या मामाच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं होतं आणि तो मोबाईल हातात धरून तिची आई सकाळपासून बसली होती.

कचारगडाच्या पायथ्याशी उतरलो आणि हेडसरांना घाम फुटला. "अरे, हे ट्रायलचे घड्याळ! एखादं पाण्यात पडलं तं दुकानदाराले काय सांगू?"

त्यांनी बावीसच्या बावीस घड्याळं काढून घेतली, पिशवीत भरली आणि राखण करत झाडाखाली आडवे झाले. पोरांना घेऊन मी आणि देवाजी वर गेलो.

परतल्यावर मी तीनदा मोजलं. प्रत्येकाला गावाचं नावसुद्धा विचारलं! सोनूला माझ्या शेजारी बसवलं. हेडसर नेहमीप्रमाणे पुढं ड्रायव्हरजवळ बसले असतील, म्हणून गाडी सोडायला सांगितली आणि सोनूच्या आईला तसं फोनवर कळवलं.

अर्ध्या तासानं फोन वाजला. सोनूची आई. आवाज असा की अख्ख्या गाडीला ऐकू यावा.

"मास्तर! गाडी कवाची निंगाली म्हणता, अन् माही सोनू तं कचारगडातच दिसून राहिली!"

मी शेजारी पाहिलं. सोनू चणे खात होती. मी फोन तिच्या हातात दिला.

सोनू सीटवर उभी राहिली. ड्रायव्हरपर्यंत नजर टाकली. मागं वळून देवाजीला पाहिलं, मला पाहिलं.

"माय, मी गाडीत आहो. हेडसरच राहून गेले."

तशी सोनूची आई फोनमधूनच माझ्यावर कडाडली,

"मंग त्याइच्या हाताले एखादं घड्याळ काऊन नाही बांधलं?"