पाचासारखं दिसणारं शून्य

अवातिफचं डोकं फिरलंय असं मी पहिल्यांदा म्हटलं ते मायक्रोबसमध्ये, आणि तिच्या तोंडावर म्हटलं. पाठीमागं बोलायची मला सवय नाही. पन्नाशी उलटलेली बाई, थोरला कुवेतला नोकरीला, धाकटीचं लग्न ठरलेलं, आणि ही बया दर शनिवारी दमनहूरला कॉलेजात जाऊन पोरासोरांच्या बाकावर बसणार!

"नातवंडं खेळवायच्या वयात पाटी-पेन्सिल!" मी म्हटलं.

"नातवंडं अजून झाली नाहीत," ती म्हणाली. "तोवर काय करू, नफीसा? माश्या मारू?"

ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "आब्ला, मलापण न्या. मला तर शाळाच अर्धी राहिलीय." शाळेतल्या बाईंना आमच्याकडं आब्ला म्हणतात, आणि त्याला अवातिफनंच शिकवलेलं. आमच्या गावात निम्म्या लोकांना तिनंच गणित शिकवलंय, आणि उरलेल्या निम्म्यांना तिचा धाक ऐकून माहीत आहे.

पण कॉलेजात ती हौसेनं जात नव्हती. आमची मुलींची शाळा कालव्याच्या काठावर. मी तिथं अरबी शिकवते, ती गणित. त्या वर्षी वरून हुकूम आला, की पुढच्या सत्रापासून आठवीचं गणित इंग्रजीत शिकवायचं. ज्याच्याकडं कॉलेजची तशी पदविका असेल त्यानंच शिकवायचं. बाकीच्यांनी वाचनालय सांभाळायचं. आमचं वाचनालय म्हणजे एक कपाट, चार मोडक्या खुर्च्या आणि खिडकीत कबुतरांचं घरटं. आणि अवातिफला आठवीचा वर्ग म्हणजे जीव की प्राण. ती म्हणायची, मुली गणिताला भितात ते याच वर्षी. इथं भ्यायली ती जन्मभर भ्यायली. तेव्हा पास झाली तर वर्ग राहणार, नाही तर कबुतरं. इतकं सरळ होतं.

सरळ तेवढंच. बाकी सगळं उलटं. आमचं समीकरण उजवीकडून निघून डावीकडं पोचतं, माणसानं लिहावं तसं. कॉलेजात ते डावीकडून निघायचं. लहान-मोठ्याचं चिन्ह कुणाकडं तोंड करून बसलंय तेच तिला कळेना. आणि ती न सापडणारी संख्या, जिला आम्ही अरबी अक्षरानं सीन म्हणतो, तिला तिथं म्हणे एक्स म्हणायचं.

"अगं, जिला इतकी वर्षं हाताखाली वाढवली, ती ओळखच देत नाही," अवातिफ रडकुंडीला येऊन म्हणाली.

तिचा गोंधळ मग फळ्यावरच राहीना. एकदा उलट्या दिशेच्या मायक्रोबसमध्ये बसून कालव्यापलीकडं जाऊन उतरली. एकदा माझ्या चहात मीठ घातलं. मी कपाळाला हात लावला, तर म्हणते, "थांब, साखरेचा डबा डावीकडं होता ना?"

कॉलेजात तिच्या शेजारी रुफैदा नावाची एक मुलगी बसायची, सदा च्युइंगम चघळणारी, अवातिफला 'तान्त' म्हणणारी. आपल्या आईच्या मैत्रिणीला म्हणावं तसं. अवातिफ घरून द्राक्षाच्या पानातला भात गुंडाळून न्यायची, जिन्याखाली बसून पोरांना खाऊ घालायची आणि त्यांच्याकडून इंग्रजी शब्द काढून घ्यायची. बदल्यात ती त्यांना अभ्यास कसा करायचा ते शिकवायची. "घोकू नका रे. एकमेकांना शिकवा. शिकवताना जिथं अडतं, तेवढंच आपल्याला आलेलं नसतं." पोरं मान डोलवायची आणि आणखी एक गुंडाळी उचलायची.

इथपर्यंत माझी हरकत नव्हती. पण बाई रविवारी आमच्या शाळेत येऊन आठवीच्या वर्गात काय करायची? फळ्याला टेकून उभी राहायची आणि सांगायची, "मुलींनो, काल मला काय काय कळलं नाही ते ऐका."

देवा रे! शिक्षकानं हे बोलायचं?

"काल मी दोन पानं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली," ती सांगायची, "आणि घरी आल्यावर बघते तर डोक्यात काही नाही. हात शिकला, डोकं तसंच. म्हणजे आजपासून तुमच्या वह्यांच्या सुबकपणाला मी भुलणार नाही." पुढच्या रविवारी, "अडलं की त्याच दिवशी विचारा. मी विचारलं नाही, लाज वाटली. पुढच्या शनिवारी लाज दुप्पट झाली आणि प्रश्न काय होता तेच आठवेना." मुली खिदळायच्या. पाठीमागच्या बाकावरची हाजर तेवढी हसायची नाही. ती मुलगी माझ्याही वर्गात आहे. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपलीकडं ऐकला नव्हता.

मी अवातिफला गाठलं. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची! माझ्या वर्गात बघ. टाचणी पडली तर ऐकू येते. वचक म्हणतात त्याला."

"खरंय," ती म्हणाली. "नफीसा, ती टाचणी कुणाची पडली ते कधी कळतं का गं?"

मला तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. मीठवाल्या चहाच्या खात्यातच मी तेही टाकलं.

परीक्षा झाली आणि अवातिफ उडत आली. चेहरा असा, की जणू मुलीचं लग्न निर्विघ्न पार पडलं. "शेवटचा प्रश्न तर असा सोडवलाय नफीसा, बघतच राहतील! दोन पानं भरली!" मुलींनाही तिनं वचन देऊन टाकलं, की त्या शेवटच्या प्रश्नाचे गुण मी फळ्यावर लिहीन, जसे मिळतील तसे. मी म्हटलं, वचन कशाला देतेस बाई. पण ऐकते कोण.

मग निकालाच्या दिवशी रुफैदाचा फोन आला. मी शेजारीच होते, सगळं ऐकू आलं.

"तान्त, शेवटच्याला दोन पानं कशी भरलीत तुम्ही? ते तर एका ओळीचं होतं. एक्सच्या जागी शून्य घातलं की सगळं मिटतं."

"शून्य कुठलं? पाच होते," अवातिफ म्हणाली.

आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला.

आता हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या आकड्यांत पाच म्हणजे एक गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. इंग्रजीवाल्यांचं शून्यच गोल. वाचताना दोन्ही आपापल्या घरी असतात तोवर कुणाचा घोटाळा होत नाही. पण अवातिफनं प्रश्न कच्च्या कागदावर उतरवून घेतला होता. तिथं चहूकडं तिचे स्वतःचे आकडे, आमचे, जन्माच्या सवयीचे. त्यांच्यात तो परका गोल येऊन बसला आणि पाच झाला. पाच घालून तिनं दोन पानं गणित केलं, एकही पायरी न चुकता. मिळाले पाचपैकी शून्य. आणि ती नापास झाली ती दोन गुणांनी.

"उन्हाळ्यानंतर दुसरी फेरी असते ना?" मी म्हटलं.

"असते. पण वर्ग तर आत्ताच जाणार." तिनं पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. काय शोधत होती कुणास ठाऊक. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी उगाच चहा करायला उठले.

सत्राच्या पहिल्या रविवारी, नवे सर यायच्या आधी, तिनं वर्गात जाऊन खडू उचलला. मी दारात होते. पुढचा तास माझा. तिनं फळ्यावर लिहिलं, 'शेवटचा प्रश्न', आणि पुढं एक भला मोठा गोल काढला.

वर्ग उसळला. "पाच! पाचपैकी पाच! मब्रूक आब्ला!" टाळ्या, बाकांवर थापा. एकीनं तर जीभ नाचवून लग्नात करतात तसा लांबलचक किलकिलाट केला. खरंच की, त्यांच्या डोळ्यांना तो पाचच होता. आम्हा दोघींखेरीज गावात कुणालाही तो पाचच वाटला असता.

अवातिफ वळून बघतच राहिली. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, की हे असं होईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मी तिच्याकडं बघून डोळे मोठे केले. गप्प बस! तू खोटं लिहिलेलं नाहीस. असू दे त्यांना पाच. जाताना तरी मान राहू दे. आणि मी स्वतःच सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवायला लागले.

"आब्ला नफीसा, तुम्ही थांबा," ती म्हणाली. मला! भर वर्गात!

मग तिनं त्या गोलाखाली रेघ ओढली. "मुलींनो, हा पाच नाही. हा इंग्रजी आकडा आहे. हे शून्य आहे. आणि शून्य कशाबद्दल मिळालं माहितीय? मी शून्याला पाच समजले, आत्ता तुम्ही समजलात तसंच." तिनं कच्च्या कागदाची सगळी गोष्ट सांगितली. "तेव्हा आजचा धडा. कच्च्या कागदावर दोन घरचे आकडे एकत्र नांदवू नका."

थापा मारणारे हात बाकांवरून खाली गेले.

"आब्ला, मग तुम्ही नापास?" पहिल्या बाकावरून आवाज आला.

"नापास."

"मग आम्हाला कोण शिकवणार?"

"नवीन सर येतील. चांगले आहेत म्हणतात."

मी मनात म्हटलं, झालं, घालवली होती नव्हती ती पत. तेवढ्यात मागून एक हात वर आला. अर्धाच, कोपरातून. हाजरचा.

"आब्ला," ती म्हणाली, "उणे गुणिले उणे अधिक का होतं? मला सहावीपासून कळलेलं नाही."

"सहावीपासून?" अवातिफ म्हणाली. रागानं नाही, कुणी हरवलेली वस्तू आणून दिल्यावर म्हणावं तसं. "मग आजवर सोडवत कशी होतीस?"

"पाठ केलं होतं."

"मीपण," दुसरी म्हणाली. मग तिसरीचा हात. मग मोजायची सोय राहिली नाही. घंटा झाली, माझा तास लागला, आणि मी दारातच उभी. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी मी मुकाट्यानं शिक्षकखोलीत जाऊन बसले. नापास झालेल्या बाईला मुली प्रश्न विचारतात, हे कुठलं गणित? मला काही उलगडेना.

नियम तो नियम. मुख्याध्यापिकेनं अवातिफच्या हाती वाचनालयाची किल्ली ठेवली, ठेवताना नजर मात्र खाली. नवे सर आले. इंग्रजी फर्डं, माणूसही भला. अवातिफ कबुतरांत जाऊन दुसऱ्या फेरीचा अभ्यास करायला लागली. मी म्हटलं, जाऊ दे, निदान डोक्याला शांतता.

कसली शांतता! मधल्या सुट्टीत बघते तो वाचनालयात पाय ठेवायला जागा नाही. मोडक्या खुर्च्यांवर दोन-दोन मुली, कपाटाला टेकून आणखी. आणि अवातिफसमोर हाजर. पुढं उघडं पुस्तक. मी जवळ गेले. गणिताचं नव्हतं ते. अरबी व्याकरणाचं होतं. माझ्या विषयाचं.

"हे काय?" मी विचारलं. "तुला कुठं येतं व्याकरण?"

"तेच म्हटलं मी तिला," अवातिफ म्हणाली. "म्हटलं, आब्ला नफीसाकडं जा, शेजारचीच खोली आहे. तर म्हणते, नको, त्या रागावतात."

"मी रागावते?" मी ओरडले. "कोण म्हणतं मी रागावते?"

वाचनालय चूप. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. हाजरनं पुस्तक मिटून छातीशी धरलं होतं आणि तिची बोटं थरथरत होती. ती मी पहिल्यांदाच बघितली. ती आधीही थरथरत असतील का, माझ्या तासाला, मागच्या बाकावर?

अवातिफनं एक मोडकी खुर्ची पायानं पुढं सरकवली.

"बस," ती म्हणाली, "आणि सांग काय अडलंय."

ते ती हाजरला म्हणाली की मला, ते मला अजून कळलेलं नाही. मी मात्र बसले.