परबभावजींच्या खिशातला फ्यूज

लिफ्टच्या खड्ड्यात कुणी उतरायच्या आधी परबभावजी तिचा फ्यूज उपटून शर्टाच्या खिशात टाकत. "फ्यूज माझ्या खिशात असलो म्हणजे जीव पण आपल्याकडेच," म्हणत.

लालबागच्या चाळीत ते आमचे शेजारी. गिरगावातल्या जुन्या, जाळीच्या दरवाजांच्या लिफ्ट त्यांनी जन्मभर दुरुस्त केल्या. लिफ्टचा विषय निघाला की हातातला चहा गार व्हायचा. त्यांच्या नादाने माझ्या लेकीने, स्नेहलने, एसी ऑफिसातली नोकरी सोडली आणि ग्रीस माखत त्यांच्यामागे फिरू लागली. मी त्यांना दारातच धरलं. "लिफ्ट अंगावर आली तर? तुमचं काय जातं हो!"

"भय वाटता मां, वयनी? माका पण रोज वाटता. पण काम करताना पोरीचो चेहरो बघ एकदा."

गेले बघायला. ठाकुरद्वाराजवळची इमारत, स्नेहल खड्ड्यात, लिफ्ट तिच्या डोक्यावर टांगलेली. ही बया मात्र गुणगुणत होती! ऑफिसातून यायची ती तोंड पाडून. "काय हात आसा गो पोरीचो!" भावजी मला कौतुकाने सांगत होते. तेवढ्यात वर कुणीतरी बटण दाबलं. दरवाजाचं लॉक दुरुस्तीसाठी काढलेलं, त्यामुळे दार उघडं असूनही लिफ्ट खाली सरकू लागली.

"स्नेहल, आडवी पड!" भावजी ओरडले आणि मेन स्विचवर झेपावले. मी डोळे गच्च मिटले. देवा, माझी पोर!

लिफ्ट थांबली. स्नेहल बाहेर आली, पांढरीफटक. तिने स्वतः फ्यूज काढला, आपल्या खिशात टाकला आणि पुन्हा खाली उतरायला लागली. मी तिचा दंड धरला.

"सोड आई. काम अर्धं आहे."

भावजी जिन्यावर मटकन बसले होते. "तुझ्याकडे तिचा कवतिक करता करता फ्यूज काढूक विसारलंय, वयनी. आता माझा काम संपला." त्या दिवसापासून त्यांनी पाना हातात घेतला नाही. शिव्या द्यायला गेलेली मी, त्यांना पाणी देऊन आले.

पुढे स्नेहल एकटी कामाला जाऊ लागली. संध्याकाळी मी गॅलरीत यायचे, तर भावजी आधीच कठड्याला टेकून उभे. ती गल्लीत दिसेपर्यंत आम्ही दोघंही तिथून हलायचो नाही. गेल्या शिमग्यात भावजी वारले. आता गॅलरीत मी एकटीच असते, भीती मात्र दोघांची.